घाबरट, मोठं मांजर शेल्टरमधून घरी आणताना: काय आधी, काय नंतर

शेल्टरमधून आणलेलं मोठं मांजर दहा-बारा दिवसांत परत गेलं, की कारण बहुतेक वेळा एकच सांगितलं जातं: "ते बाहेरच येत नाही हो." खोलात विचारलं की कळतं, पहिल्याच दिवशी त्याला सगळं घर मोकळं करून दिलं होतं, ते पलंगाखाली शिरलं म्हणून हात घालून ओढून काढलं होतं, आणि संध्याकाळी ते मांडीवर मुकाट बसलं म्हणून सगळे खूश झाले होते. ते मुकाट बसणं म्हणजे भीतीने गोठणं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

या लोकांचं प्रेम कमी पडत नाही. चुकतो तो क्रम. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने घ्यावेत. एका टप्प्यावर किती दिवस थांबायचं, हे कॅलेंडर सांगणार नाही, मांजर सांगेल.

## टप्पा १: शेल्टरमध्ये काय विचारायचं

"घाबरट" या एका शब्दात दोन निराळी मांजरं लपलेली असतात. एक कधीकाळी घरात राहिलेलं, माणसाची सवय असलेलं, पण पिंजरे, आवाज आणि अनोळखी वास यांनी हादरलेलं. दुसरं लहानपणी माणसाचा हात न लागलेलं. मांजराच्या पिल्लाला माणसाची ओळख सहज होते ती साधारण वयाच्या २ ते ७ आठवड्यांत. तो काळ माणसाशिवाय गेला, तर मोठेपणी माणूस आपला वाटायला खूप वेळ लागतो. पहिल्या प्रकारचं मांजर घरात काही आठवड्यांत उमलू शकतं. दुसऱ्याला कित्येक महिने, कधी वर्षंही लागतात, आणि ते तुमच्या शेजारी निवांत झोपेल पण उचलून घेतलेलं त्याला कधीच आवडणार नाही, असंही होऊ शकतं.

म्हणून शेल्टरमधल्या रोज साफसफाई करणाऱ्या माणसाला गाठा. अर्जाच्या कागदावर नसलेलं बरंच त्याला ठाऊक असतं. त्याला विचारा:

- ते आधी घरात होतं का? इथे किती दिवस आहे?
- कुणी समोर असताना खातं, की रात्री सगळे गेल्यावरच?
- कुणाला हात लावू देतं का? कुठे?
- दुसऱ्या मांजराजवळ ते शांत असतं की जास्त बिथरतं?
- रोजचं खाणं कोणतं, लिटर (शी-लघवीच्या डब्यात घालायची वाळू) कोणतं?
- नसबंदी, लसीकरण, जंतांचं औषध, एफआयव्ही आणि एफईएलव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणारे दोन विषाणू) यांच्या तपासण्या झाल्या आहेत का? मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) आहे का, आणि ती कुणाच्या नावावर आहे?
- दात तपासलेत का? दातदुखी, सांधेदुखी किंवा कानातला संसर्ग असलेलं मांजरही "फार घाबरट" म्हणून ओळखलं जातं.

एकदा बघून ठरवू नका. दोन वेगळ्या दिवशी जा, पिंजऱ्यासमोर अंग तिरकं करून वीस मिनिटं बसा, हात आत घालू नका. दुसऱ्या दिवशी मांजराने कान तुमच्याकडे वळवले, किंवा तुम्ही बसलेले असताना एक घास खाल्ला, तरी ती मोठी खूण आहे.

आधी स्वतःला विचारा: हे मांजर कधीच मांडीवर आलं नाही, तरी मी त्याला आयुष्यभर सांभाळेन का? उत्तर "नाही" असेल तर आत्ताच दुसरं मांजर बघा. त्यात लाज नाही. लाज त्याला दोनदा घर बदलायला लावण्यात आहे.

## टप्पा २: खोली आधी, मांजर नंतर

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मांजर आल्यावर करू म्हणून ठेवलेली कामं नंतर करता येत नाहीत, कारण प्रत्येक हालचालीने ते आणखी आत दडतं.

एक लहान खोली निवडा. दार नीट बंद होणारी, येजा कमी असलेली. मोठी खोली म्हणजे जास्त मोकळीक असं आपल्याला वाटतं. घाबरलेल्या मांजराला मात्र मोठी खोली म्हणजे चारी बाजूंनी उघडं मैदान.

आधी अडचणीच्या जागा बंद करा. पलंगाखाली, कपाटामागे, वॉशिंग मशीनच्या पाठीमागे, सोफ्याच्या फाटलेल्या अस्तरात, पाइप जातो त्या भोकात. मांजर तिथे गेलं तर तुमचा हात पोचत नाही, आणि आजारी पडलं तर कळतही नाही. पलंगाखाली उशा, पेट्या कोंबून जागा भरून टाका.

मग लपायला चांगल्या जागा द्या. हा भाग लोक गाळतात. "लपायला जागाच नसली तर बाहेर येईल," असं म्हणतात. होतं उलटं. नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी शेल्टरमध्ये नव्या आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण लवकर उतरलेला दिसला. लपायला मिळालं की बघायचं धाडस येतं.

पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा, आत जुना टॉवेल घाला, आणि आत-बाहेर करायला दोन भोकं कापा. एकच तोंड असेल तर ते खोकं सापळा होतं. दुसरं खोकं थोडं उंचावर, घट्ट बसवलेल्या फळीवर किंवा कपाटावर ठेवा, आणि तिथवर चढायला खुर्ची किंवा स्टूल लावा. काही मांजरांना जमिनीलगत सुरक्षित वाटतं, काहींना उंचावर. तुमचं कोणतं, ते तेच दाखवेल.

लिटर बॉक्स. लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या दीडपट तरी हवी. झाकण नको, सुवासिक लिटर नको. शेल्टरमध्ये जे लिटर होतं तेच सुरुवातीला वापरा. खाणं एका टोकाला, लिटर दुसऱ्या टोकाला, पाणी खाण्यापासून थोडं लांब. इथली नेहमीची चूक अशी: लपायची जागा एका कोपऱ्यात, लिटर बॉक्स दाराशी, आणि मध्ये सगळी मोकळी फरशी. मांजर ती फरशी ओलांडायला धजत नाही आणि टॉवेलवरच लघवी करतं, मग त्याला घाण म्हटलं जातं. भिंतीच्या कडेने, खुर्चीआडून, खोक्याआडून लिटरपर्यंत जाता येईल अशी वाट ठेवा.

वास. शेल्टरमध्ये ते ज्या कापडावर झोपत होतं ते मागून आणा आणि धुऊ नका. खोलीत अगरबत्ती, एअर फ्रेशनर, अत्तर काही नको. फरशी फिनाइलने पुसू नका, फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजराला विषारी असतात. साधं पाणी आणि सौम्य साबण पुरे.

विषारी वस्तू. लिलीची फुलं घरात अजिबात नकोत. नुसता पराग अंगावरून चाटला गेला तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दोरे, रबर बँड, रिबिनी उचलून ठेवा.

तपासा: टॉर्च घ्या, जमिनीवर पालथे पडा आणि मांजराच्या उंचीवरून खोली बघा. जिथे डोकं शिरतं तिथे बहुतेक मांजरं अख्खी शिरतात. खिडकीची जाळी हाताने जोरात दाबून बघा. नुसती अडकवलेली जाळी घाबरलेल्या मांजराच्या एका उडीत निघते.

माझी भुरी आणली तेव्हा मी बाकी सगळं केलं होतं आणि वॉशिंग मशीनची मागची बाजू विसरले होते. ती तिथे शिरली. सहा तासांनी माझा धीर सुटला आणि मी मशीन सरकवून तिला बाहेर काढलं. त्यानंतर पंधरा दिवस माझ्या पावलांचा आवाज आला की ती जिथे असेल तिथे जमिनीला चिकटायची. सहा तासांची घाई मला पंधरा दिवसांना पडली.

## टप्पा ३: आणण्याचा दिवस

पुढचे दोन-तीन दिवस घरात पाहुणे, दुरुस्ती, ठोकाठोक काही नसेल असा दिवस निवडा.

कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, टणक प्लास्टिकचं, आणि झाकण वरून काढता येईल असं घ्या. पुढे व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) गेल्यावर मांजराला बाहेर न ओढता खालच्या अर्ध्या भागात बसवूनच तपासता येतं. निघण्याआधी कॅरिअरचं दार आणि चारी खटके हलवून बघा. आत शेल्टरचं कापड, वरून पातळ टॉवेल, आणि गाडीत ते सीटबेल्टने बांधलेलं किंवा सीटमागे जमिनीवर घट्ट बसवलेलं. वाटेत ते ओरडलं तरी उघडू नका.

घरी आल्यावर थेट त्या खोलीत. दार लावा, कॅरिअर लपायच्या खोक्याशेजारी ठेवा, कॅरिअरचं दार उघडा आणि बाहेर या. "ये ना गं" नको, आत हात नको, कॅरिअर तिरकं करून मांजराला बाहेर घसरवणं तर मुळीच नको. ते रात्रभर कॅरिअरमध्येच बसलं तरी चालेल. नंतरही कॅरिअर उचलून माळ्यावर टाकू नका. ते त्या खोलीतलं एक सामान म्हणून कायम तिथेच राहू दे.

घरातल्या सगळ्यांना ते बघायचं असतं, मुलांना तर विशेष. त्यांना हे समजावणं हे त्या दिवसाचं सगळ्यात कठीण काम आहे, आणि ते मांजर येण्याच्या आदल्या दिवशीच करून टाका.

## टप्पा ४: पहिले दिवस, भांडं आणि लिटर यांवरून ओळखायचे

पहिल्या दिवसांत मांजर दिसणार नाही असं गृहीत धरा. खोलीत दिवसातून तीनदा जा, ठरलेल्या वेळी. दार वाजवून, तेच दोन शब्द त्याच सुरात म्हणून आत जा. खाणं ठेवा, लिटर काढा, पाणी बदला, बाहेर या. ते कुठे आहे हे वाकून बघू नका. खोक्याच्या तोंडाशी डोळे लावून बघणारा मोठा चेहरा ही मांजराच्या जगातली शिकाऱ्याची खूण आहे. फारच काळजी वाटली तर खोलीत एक लहान कॅमेरा लावा. रात्री दोन-अडीचला तुमचं "बाहेरच न येणारं" मांजर खिडकीत बसलेलं दिसेल, आणि तुमचा जीव भांड्यात पडेल.

बाकी सगळं वहीत लिहायचं: किती खाल्लं, लघवी किती वेळा, शी झाली का. लिटरमधले ओले गोळे मोजले की लघवीचा हिशोब मिळतो.

खाणं शेल्टरमधलंच ठेवा. बदलायचंच असेल तर नंतर, ७ ते १० दिवसांत थोडं थोडं मिसळत. ओलं खाणं किंचित कोमट केलं की वास सुटतो आणि भीतीवर मात करायला त्याची मदत होते. एकमेव भांड्यातल्या खाण्यात औषध लपवू नका. मांजराला कडू चव लागली की ते त्या खाण्यावरच फुली मारतं.

सावधान, इथे धीर धरायचा नाही:

- २४ तासांत काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन करा. ४८ तासांवर कधीही जाऊ देऊ नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ लागतं, आणि लठ्ठ मांजरात हा धोका सगळ्यात जास्त. "भूक लागली की खाईल" हे मांजराला लागू पडत नाही.
- २४ तासांत लिटरमध्ये लघवी दिसली नाही तर आधी टॉवेल आणि कोपरे तपासा. कुठेच नसेल तर फोन करा. बोका लिटरमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय आणि काही येत नाहीये, तर फोनही नको, त्याच क्षणी घेऊन निघा. मूत्रमार्ग बंद झालेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो.
- शिंका, डोळ्यांतून पाणी, नाक वाहणं: जागा बदलल्याच्या ताणाने जुना सर्दीचा विषाणू डोकं वर काढतो. नाक चोंदलं की वास येत नाही, वास आला नाही की खाणं बंद. हे लांबवू नका.
- माणसांचं कोणतंही औषध देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

"तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने" असा एक नियम तुम्ही ऐकला असेल: तीन दिवसांत मांजर सावरतं, तीन आठवड्यांत रुळतं, तीन महिन्यांत घर आपलं मानतं. साधारण अंदाज म्हणून तो ठीक आहे. घाबरट मांजराला तो लावू नये असं माझं ठाम मत आहे, कारण तीन आठवडे उलटले की लोक स्वतःला आणि मांजराला नापास ठरवतात.

## टप्पा ५: तुम्ही खोलीत असणं

खाणं आणि लिटर यांची घडी बसली, म्हणजे सलग तीन-चार दिवस दोन्ही नीट चाललं, की मगच हा टप्पा.

जमिनीवर बसा. उभा माणूस मांजराला डोंगराएवढा दिसतो. अंग तिरकं, पाठ भिंतीला, नजर पुस्तकात. हळू आवाजात वाचा, काय वाचता त्याला महत्त्व नाही, सूर एकसारखा असू द्या. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि दर वेळी तुम्ही बसल्यावर काहीतरी चांगलं खायला मिळालं पाहिजे. घरातल्या एकाच माणसाने सुरुवात करावी. दुसरा माणूस नंतर, पुन्हा पहिल्या पायरीपासून.

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. तुम्ही किती लांब असताना ते खातं, ते अंतर शोधा. तीन मीटरवर असताना खातं, दोनवर थांबतं? मग तुमची जागा तीन मीटर. तीन दिवस सलग तिथे बिनघोर खाल्लं की भांडं वीतभर तुमच्याकडे सरकवा. वीतभरच. खाणं थांबलं, किंवा खाता खाता ते दर घासाला मान वर करून बघायला लागलं, तर भांडं मागे न्या. हे अंतर वहीत लिहून ठेवा. काहीच पुढे सरकत नाही असं वाटतं, तेव्हा महिन्यापूर्वीचा आकडा बघितला की धीर येतो.

भांडं त्याच्याकडे तुम्ही न्यायचं नाही, आणि खाताना तुम्ही पुढे सरकायचं नाही. खाण्याचं आमिष दाखवून जवळ बोलावलं आणि जवळ आल्यावर पकडलं, असं एकदा झालं की पुढे प्रत्येक घासाचा त्याला संशय येतो.

नजरानजर झालीच तर डोळे अर्धे मिटा, हळूच बंद करा, उघडा आणि तोंड फिरवा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की असे डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे मांजरं जास्त वेळा येतात. तेही डोळे मिटतंय का हे बघत मात्र टक लावून बसू नका.

तपासा: शांत की गोठलेलं? लोक इथे हमखास फसतात, म्हणून नीट बघा.

शांत मांजराचं अंग सैल, पोट जमिनीवर पसरलेलं, कान आवाजाकडे आपापले वळणारे, डोळे मिचमिचे. कधी ते अंग चाटतं, जांभई देतं, तुमच्याकडे पाठ करून बसतं. (पाठ फिरवली म्हणजे रुसलं असं नाही, तुमची भीती उरली नाही.)

गोठलेलं मांजरही हलत नाही, पण त्याचे चारी पाय अंगाखाली ताठ असतात. मान आत ओढलेली, शेपूट अंगाला घट्ट, कान बाजूला पडलेले, मिश्या मागे गेलेल्या, बुबुळं काळीभोर मोठी, श्वास भराभर. ते पळत नाही कारण पळायला जागा आहे असं त्याला वाटत नाही. अशा मांजराला कुरवाळत राहिलं तर ते चावणार नाही कदाचित, पण शिकेल एवढंच की या घरात "नको" म्हणून उपयोग नसतो. अशा वेळी उठा, सावकाश, आणि बाहेर जा.

फिस्कारलं तर चांगलं. ते तुम्हाला सांगतंय. फिस्कारण्यावर ओरडू नका, पाणी उडवू नका. इशारा देण्याची शिक्षा झालेलं मांजर पुढच्या वेळी इशारा न देता चावतं.

## टप्पा ६: आधी खेळ, मग स्पर्श

लांब काठीला पीस किंवा कापड बांधलेलं खेळणं घ्या. काठीमुळे तुमचं अंतर राहतं आणि मांजराचं लक्ष तुमच्यावरून उडतं. खेळणं त्याच्या तोंडावर नाचवू नका. खरा उंदीर मांजराच्या अंगावर धावून जात नसतो. लांब न्या, कपड्याखाली दडवा, थांबवा, किंचित हलवा. पहिल्या दिवशी फक्त डोळे फिरतील. तेही चालेल. शेवटी त्याला एकदा पकडू द्या आणि लगेच खायला द्या. खेळून झालं की दोरीचं खेळणं कपाटात ठेवा. गिळलेला दोरा आतड्यांत अडकला की शस्त्रक्रियेवाचून इलाज नसतो.

स्पर्शाची वेळ आली हे ओळखायचं कसं? ते आपण होऊन तुमच्या हाताच्या टप्प्यात येतं, तुमच्या पायाचा वास घेतं, खुर्चीच्या कोपऱ्याला गाल घासतं. मग:

१. हात जमिनीलगत, एक बोट किंचित पुढे, मांजराच्या नाकाच्या उंचीवर किंवा त्याहून खाली. वरून डोक्यावर येणारा हात नको.
२. थांबा. नाक बोटाला लागण्याचं काम मांजराचं.
३. वास घेऊन गाल घासला तर गालाला, हनुवटीखाली, कानांच्या पुढे एका-दोन बोटांनी कुरवाळा. पोट नको, शेपटीचं मूळ नको, पंजे नकोत.
४. तीन सेकंदांनी हात मागे घ्या आणि बघा. ते पुढे झालं, डोकं घुसवलं, तर पुन्हा तीन सेकंद. जागचं हललं नाही किंवा मान वळवली, तर आजचं झालं.

चौथी पायरी लोक विसरतात. हात काढून घेतल्याशिवाय मांजराला हवंय की नुसतं सोसतंय, हे कळायला दुसरा मार्ग नाही. शेपटीचं टोक फटकारायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, मान झटकन हाताकडे वळली, की तुम्हाला उशीर झालेला आहे.

सावधान: मांजर चावलं तर जखम बारीक दिसते पण खोल असते आणि झपाट्याने पिकते. चावा असो की ओरखडा, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजच्या लशीचा निर्णय त्यांच्यावर सोडा. त्यासाठी मांजराच्या लसीकरणाचा कागद हाताशी हवा.

उचलून घेणं या टप्प्यात नाही. भुरीला मी पहिल्यांदा उचललं ते चौदाव्या महिन्यात, तेही तीन सेकंद.

## टप्पा ७: घर थोडं थोडं उघडणं

त्या खोलीत ते दिवसाउजेडी मोकळं फिरतं, तुम्ही असताना खातं, शेपूट वर करून चालतं, असं झालं की दार उघडायचं. एकदम सगळं घर नाही. एक शेजारची खोली किंवा नुसता पॅसेज, घर शांत असेल अशा वेळी, अर्धा तास. बाकीची दारं बंद. पहिल्या खोलीचं दार उघडंच ठेवा, म्हणजे दचकलं की ते परत पळेल. तिथे पळून जाणं हे या टप्प्याचं यशच समजा: भ्यायल्यावर कुठे जायचं, हे त्याला कळलंय.

बाहेर उचलून आणून दाखवायचं नाही. उंबरठ्यावर बसून ते तीन दिवस नुसतं बघेल. बघू द्या. दर नव्या खोलीआधी टप्पा २ मधलं काम पुन्हा करा: जाळ्या, फटी, लिली, दोरे. नव्या भागात दुसरा लिटर बॉक्स ठेवा, आणि पहिला अनेक महिने हलवू नका.

तपासा: बाहेरचं दार उघडण्याआधी मांजर कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाने बघायचं. दारावर चिठ्ठी लावा. मायक्रोचिपच्या नोंदीत तुमचा चालू फोन नंबर घातला आहे का, ते याच आठवड्यात बघा. चिप बसवलेली आणि नोंद शेल्टरच्या जुन्या नंबरवर, असं फार वेळा होतं.

निसटलंच तर हाका मारत गल्लीभर धावू नका. घाबरलेलं घरातलं मांजर सहसा लांब जात नाही. ते सगळ्यात जवळच्या आडोशाला, आवाज न करता दबून बसतं आणि तुमच्या हाकेलाही ओ देत नाही. घराच्या भिंतीपासून सुरुवात करून गाड्यांखाली, जिन्याखाली, झुडपांत, शेजाऱ्यांच्या बंद खोल्यांत टॉर्च मारून बघा. अंधारात त्याचे डोळे चमकतात. दिसलं तरी झडप घालू नका. खाणं ठेवा, जमिनीवर बसा, किंवा शेल्टरकडून मांजर पकडायचा पिंजरा मागून घ्या.

## टप्पा ८: घरात आधीचं मांजर असेल तर

थोडक्यात सांगते, कारण बहुतेक काम आतापर्यंतच्या बंद दारानेच केलेलं असतं. पहिले दोन आठवडे वेगळी भांडी, वेगळं लिटर, हात धुऊन येजा. सर्दी, गजकर्ण असे आजार तेवढ्यात दिसून येतात. मग कापडांची अदलाबदल, एकाचं दुसऱ्याच्या खाण्याजवळ. मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण. मग जाळीतून किंवा बोटभर फटीतून दर्शन, खाता खाता, एक-दोन मिनिटं. दोघंही खात राहतात तोवरच. एकाने टक लावली आणि दुसऱ्याने खाणं थांबवलं, की दार लावा. "भांडतील आणि होतील सरळ" हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. मांजरांचं एक भांडण विसरायला महिने लागतात.

लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि सगळे एका ओळीत नकोत.

## टप्पा ९: मागे गेलं तर, आणि व्हेटची पहिली फेरी

मागे जाणारच. फटाक्याचा आवाज, पाहुणा, सामान हलवणं, तुमचा आठवडाभराचा प्रवास, काहीही पुरतं. तेव्हा शेवटी ज्या टप्प्यावर ते बिनघोर खात होतं, तिथे परत जा. दुसऱ्यांदा तोच रस्ता बहुधा लवकर सरतो.

विनाकारण मागे गेलं, खाणं कमी झालं, लिटरबाहेर लघवी सुरू झाली, तर आधी आजार समजा, स्वभाव नंतर. लघवी पडलेली जागा एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसा. अमोनिया असलेला क्लीनर नको, अमोनियाचा वास लघवीसारखाच असल्याने ते पुन्हा तिथेच जातं.

दोन-अडीच महिने क्रम पाळूनही अंतराचा आकडा हललाच नाही, तर व्हेटशी भीतीवरच्या औषधाबद्दल बोला. औषध देणं म्हणजे हरणं नव्हे. सतत घाबरलेल्या डोक्यात नवं काही शिरत नाही, औषधाने तेवढी फट पडते.

पहिली तपासणी तातडीची नसेल तर खोलीत बस्तान बसल्यावर ठेवा. आधी फोनवर सांगा की मांजर फार घाबरतं, गर्दी नसलेली वेळ मागा, आणि निघण्यापूर्वी द्यायचं गुंगीचं सौम्य औषध, उदाहरणार्थ गॅबापेंटिन, चालेल का ते विचारा. मात्रा व्हेटच ठरवतील. कॅरिअर तर खोलीत पहिल्या दिवसापासून उघडं आहेच. आठवडाभर रोजचं एक जेवण त्यात द्या. दार आधी लावू नका, मग एक सेकंद लावून उघडा, मग दहा, मग उचलून खोलीत एक फेरी.

दवाखान्यात कॅरिअर जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर, टॉवेलने झाकून, कुत्र्यांकडे पाठ करून ठेवा. घरी परतल्यावर थेट त्याच्या पहिल्या खोलीत, खोक्याशेजारी. दार उघडा, ओळखीचं खाणं ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याच्याकडून काहीही मागू नका.